शेतीच्या इंजिनसाठी रॉकेल की डिझेल?

मुकुटबन (ता. झरी जामणी, जि. यवतमाळ) परिसरात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके आहेत. पावसाने ताण दिला की कपाशीला पाते, फुले आणि बोंडे लागण्याच्या काळात संरक्षित ओलीत द्यावे लागते. विहीर, नाला किंवा पैनगंगेतून पाणी उचलताना वीज नसेल तर इंजिनवरच भिस्त असते. अशा वेळी खर्च वाचवण्यासाठी डिझेल इंजिनमध्ये रॉकेल टाकण्याचा विचार काही शेतकरी करतात. त्यापूर्वी पुढील बाबी समजून घ्याव्यात.

आधी इंजिन ओळखा

• डिझेल इंजिन : यात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाऊन तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेल फवारले जाते आणि ते आपोआप पेटते.
• पेट्रोल-रॉकेल इंजिन : यात स्पार्क प्लग व कार्ब्युरेटर असतो. दाब बराच कमी असतो. इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यानंतर रॉकेलवर घेतात.

म्हणजे रॉकेलवर चालणारे इंजिन मुळातच वेगळ्या बनावटीचे असते. एकाचे इंधन दुसऱ्यात चालत नाही.

दोन्ही इंधनांतील फरक

• घनता : डिझेलचे वजन लिटरला सुमारे ८३० ग्रॅम, तर रॉकेलचे सुमारे ८०० ग्रॅम. त्यामुळे एक लिटर रॉकेलमधून मिळणारी उष्णता डिझेलपेक्षा साधारण ३ ते ४ टक्के कमी असते.
• दाटपणा : डिझेल दाट व किंचित तेलकट असते. रॉकेल पातळ असते.
• पेट घेण्याची क्षमता : आपल्याकडील डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असतो. रॉकेलचा त्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे ते उशिरा पेटते.
• गंधक : १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज ६ डिझेलमध्ये गंधक कमाल १० पीपीएम असते. रॉकेलमध्ये ते कितीतरी जास्त असू शकते.

डिझेल इंजिनमध्ये रॉकेल टाकल्यास काय होते?

इंधन पंप आणि नोझल यांच्या भागांतील फट अतिशय सूक्ष्म असते. त्यांना वेगळे वंगण नसते. त्यांचे वंगण म्हणजे डिझेलच. पातळ रॉकेल हे काम नीट करू शकत नाही. परिणामी :

१. पंपाचे प्लंजर व नोझल झिजतात, फवारा बिघडतो.
२. झिजलेल्या भागांतून इंधन गळते, दाब कमी होतो, इंजिन सुरू होण्यास त्रास देते.
३. इंधन उशिरा पेटल्याने ठोके येतात. पिस्टन व बेअरिंगवर ताण पडतो.
४. भार घेतल्यावर इंजिन दमते, पाण्याची धार कमी होते.

इंजिन पहिल्या दिवशी चालते, म्हणून नुकसान लगेच दिसत नाही. पंप-नोझलचा खर्च पुढच्या हंगामात, नेमका ओलिताच्या वेळी समोर येतो. थंड देशांत हिवाळ्यात डिझेल गोठू नये म्हणून त्यात रॉकेलसारखे हलके इंधन मिसळतात. विदर्भातील थंडीत त्याची गरज नाही.

खर्चाचा हिशेब

५ अश्वशक्तीच्या चांगल्या स्थितीतील डिझेल इंजिनला पूर्ण भारावर ताशी साधारण १ ते १.२ लिटर डिझेल लागते. तेवढ्याच कामाला पेट्रोल-रॉकेल इंजिन साधारण दीड ते पावणेदोन पट इंधन घेते. पावणेदोन पट धरल्यास रॉकेलचा भाव डिझेलच्या ५७ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते परवडते. रेशनच्या रॉकेलवरील केंद्राचे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत २०२० मध्ये संपले आहे. त्यामुळे पूर्वीचा स्वस्ताईचा हिशेब आता लागू होत नाही.

स्वतःच्या इंजिनचा खर्च असा मोजावा : टाकी खुणेपर्यंत भरावी, नेहमीच्या भारावर एक तास इंजिन चालवावे, नंतर मापाने पुन्हा खुणेपर्यंत भरावे. जितके लिटर लागले त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणावे.

पेट्रोल-रॉकेल इंजिन असल्यास

• इंजिन पूर्ण तापल्याशिवाय रॉकेलवर घेऊ नये.
• बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पेट्रोलवर चालवावे, म्हणजे पुढच्या वेळी सहज सुरू होते.
• न जळालेले रॉकेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसल्यास किंवा रॉकेलचा वास आल्यास ऑइल लगेच बदलावे.
• चालू किंवा गरम इंजिनमध्ये पेट्रोल भरू नये.

कायदा काय सांगतो?

रेशनचे निळे रॉकेल स्वयंपाक व दिवाबत्तीसाठी आहे. १९९३ च्या केंद्रीय आदेशानुसार त्याचा इतर वापर करता येत नाही. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ हाही गुन्हा आहे. शेतकऱ्याने डिझेल अधिकृत पंपावरूनच घ्यावे. शंका आल्यास घनता तपासून दाखवण्याची मागणी करावी.

शिफारस

डिझेल इंजिनमध्ये केवळ डिझेलच वापरावे. इंधन वाचवायचे असेल तर एअर फिल्टर व डिझेल फिल्टर वेळेवर साफ करावेत किंवा बदलावेत, फूट व्हॉल्व्ह व सक्शन पाइपची गळती थांबवावी, पट्ट्याचा ताण योग्य ठेवावा आणि पंपाच्या गरजेपेक्षा मोठे इंजिन घेऊ नये. धूर काळा येत असल्यास भार जास्त आहे का, फिल्टर तुंबला आहे का, नोझल खराब आहे का, हे क्रमाने तपासावे. कपाशीला सर्व सऱ्यांऐवजी एक आड एक सरीने पाणी दिल्यास इंजिनचे तास कमी होतात. इंधनाची खरी बचत तिथेच होते.