वाण, वाकळ आणि वस्तूचा शेवट

इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा वस्तूच्या जन्माकडे असते. अमुक शालू कोठे विणला गेला, अमुक तोफ कोणी ओतली, अमुक नाणे कोणाच्या टांकसाळीत पडले, याच्या नोंदी सापडतात आणि त्यांवर प्रबंधही लिहिले जातात. तीच वस्तू फाटल्यावर, फुटल्यावर किंवा झिजल्यावर तिचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. ज्या समाजाला आपल्या वस्तूंचा शेवट लावता येत नाही त्याच्या वेशीवर कचऱ्याचे डोंगर उभे राहतात, आणि ते डोंगर आज आपण सर्वजण पाहत आहोत. म्हणून महाराष्ट्रातील घरगुती देण्याघेण्याचा इतिहास आम्ही आज नेहमीच्या वाटेने न सांगता शेवटाकडून मागे चालत सांगणार आहोत.

प्रथम संक्रांतीचे वाण घेऊ. त्या दिवसांत शेतात जे येते तेच सुगडात पडते: हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाचे करवे, बोरे, गाजराचे तुकडे आणि तिळगूळ. सुगड म्हणजे कुंभाराच्या चाकावरून उतरलेले लहानसे मडके. जुन्या बायकी बोलीत ‘आवा लुटणे’ असा एक प्रयोग आहे. सधन घरची सवाष्ण कुंभाराचा सबंध आवा, म्हणजे भट्टीतला सगळा माल, विकत घेई आणि जमलेल्या सुवासिनींकडून तो लुटवी. आजही संक्रांतीला आपण वाण ‘लुटतो’, त्या शब्दात या चालीची आठवण आहे असे म्हणावयास हरकत नाही. या लुटीत कोणाचे नुकसान होत नसे. कुंभाराच्या हाती भट्टीचे मोल एकदम पडे, घरोघर वापराचे एक मडके जाई, आणि देणाऱ्या बाईला पुण्य मिळाल्याचे समाधान लाभे.

ते मडके फुटल्यावर काय होई? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मातीचे भांडे पुन्हा मातीत मिसळते असे आपण सरसकट म्हणतो, ते शास्त्राला धरून नाही. एकदा भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केले. तेथे सापडलेल्या तांबड्या भांड्यांवरील काळी नक्षी आजही ओळखू येते, आणि त्या संस्कृतीचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० असा धरला जातो. म्हणजे खापर ३,००० वर्षेसुद्धा टिकते! फरक इतकाच की ते निरुपद्रवी असते. खापर गुरांच्या पोटात जात नाही, जाळले तर विषारी धूर सोडीत नाही. पोर त्याची ठिकरी करून खेळते, बाई ते कुंडीच्या तळाशी घालते, आणि पुष्कळ काळ लोटल्यावर संशोधक ते उचलून त्यातून इतिहास वाचतो. याउलट पोळ्याचे मातीचे बैल, नागपंचमीचा नाग आणि शाडूचा पार्थिव गणपती यांची माती कच्ची असते. ती पाण्यात खरोखरच विरघळते. जे दीर्घकाळ वापरायचे ते भाजावे आणि जे विसर्जन करायचे ते कच्चे ठेवावे, हा विवेक आमच्या कारागिरांना होता.

काही भेटींचा शेवट तर मातीतही नसून पोटात असे. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतात. बोरनहाणात तान्ह्या मुलालाही ते घालतात. तीळ, खसखस किंवा साबुदाणा यांवर साखरेचा पाक थोडथोडा सोडीत, मंद आचेवर बोटांनी तासन् तास हलवीत राहिले म्हणजे त्या दाण्यांवर काटा फुटतो. असा हलवा दोऱ्यात गुंफून हार, बाजूबंद, मुकुट करावयाचा, एक दिवस मिरवावयाचा आणि मग मुलांत वाटून टाकावयाचा. लग्नकार्यात जेवणावळी उठत त्या पळसाच्या किंवा वडाच्या पानांवर. बारीक काड्यांनी टाचलेल्या पत्रावळी आणि द्रोण उकिरड्यावर पडले की त्यांचे खतच व्हावयाचे.

कापडाची गोष्ट याहून लांब आहे. नऊवारी लुगडे विरले म्हणजे त्याचा जीव संपला असे कोणी मानीत नसे. धड भागातून मुलीचा परकर निघे, त्याहून जुन्यातून बाळाची कुंची आणि दुपटी निघत. पुष्कळदा धुतलेले सुती कापड नव्या कापडाहून मऊ असते, म्हणून बाळंतविड्यात जुनेर देण्यात कमीपणा नव्हता. उरलेल्या तुकड्यांचे थर एकावर एक घालून, कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याने शिवीत गेले की गोधडी होई. तिलाच कोठे वाकळ म्हणतात. तिच्यात आजीचे लुगडे, मामाचे धोतर आणि थोरल्या बहिणीचा परकर शेजारी शेजारी येऊन बसत. गोधडीही फाटली की तिच्या चिंध्यांचे पोतेरे होई. म्हणजे एका लुगड्याला निदान ४ जन्म मिळत. आम्ही तर म्हणू की वाकळ ही घराण्याची बखरच होय; ती कोणा चिटणिसाने लिहिलेली नाही, घरातल्या बायकांनी सुईने लिहिलेली आहे.

चिंध्यांनाही आणखी एक जन्म असे, तो कागदाचा. जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला होता. दौलताबादजवळ कागदीपुरा नावाचे गाव आहे आणि पुण्यातही त्या नावाची वस्ती होती. हातकागदाला झाड तोडावे लागत नाही. जुने दोर, गोणपाट, चिंध्या, रद्दी कुटून त्याचा लगदा करतात. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसत चालला. तो सावरावा म्हणून गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली, आणि शिंप्याच्या दुकानातील सुती कात्रणांना पुन्हा मान मिळाला.

धातूच्या भांड्यांचाही असाच संसार. लग्नात दिलेल्या तांब्यावर देणाऱ्याचे नाव आणि तिथी कोरून घेण्याची चाल होती. कोणत्याही घरातली जुनी भांडी पालथी घालून पाहावीत. नात्यागोत्याचा निम्मा इतिहास तेथे वाचावयास मिळेल. कल्हई उडाली तर कल्हईवाला येऊन नवसागर आणि कथील लावून भांडे पुन्हा लखलखीत करी. चेपलेले तांबट ठोकून देई. अगदीच फुटले तर मोड म्हणून वजनावर जाई आणि पुन्हा वितळून नवे होई. बोहारीण दारात बसून जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देई. तिच्याशी घासाघीस करणे हा गृहिणींचा आवडता वादविवाद होता.

आता प्रश्न असा की, हे सारे आमच्या पूर्वजांच्या थोरवीमुळे घडले काय? इतिहासाचा अभ्यासक तसे म्हणू शकत नाही. याची खरी कारणे दोन. पहिले कारण टंचाई. कापड हाताने कातून विणले जाई, म्हणून ते महाग होते. महाग वस्तू कोणी सहज फेकीत नाही. दुसरे कारण गावगाडा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या त्या नावाच्या ग्रंथात बलुत्याची पद्धत विस्ताराने सांगितली आहे. कुंभार, सुतार, लोहार यांना सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. करणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत. वस्तू मोडली तर तीच व्यक्ती ती दुरुस्त करी.

ही दोन्ही कारणे एकोणिसाव्या शतकात ढासळू लागली. १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापन केली. माल स्वस्त झाला, आणि तो करणारा डोळ्यांआड गेला. गरिबाच्या अंगावर दुसरे वस्त्र आले हा त्यातला लाभ आम्ही नाकारीत नाही. पण जुनी वीण सुटली ती सुटलीच. स्वदेशीच्या चळवळीने यावर एक उत्तर शोधले. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीच्या वेषात गेले. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्या पिढीने प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारावयास शिकवले: तू कोठून आलीस? हा प्रश्न योग्यच होता. परंतु त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न, तू कोठे जाणार, तेव्हा कोणाला सुचला नाही. सुचण्याचे कारणही नव्हते, कारण तेव्हाची देशी काय आणि विदेशी काय, बहुतेक प्रत्येक वस्तू कुजणारी, गंजणारी किंवा वितळणारी होती. न कुजणाऱ्या आणि तरीही एका दिवसात फेकल्या जाणाऱ्या वस्तू पुढे आल्या.

येथे कोणी म्हणेल, तर मग जुन्याकडेच परत चला. आम्ही हे कदापि म्हणणार नाही. जुन्या व्यवस्थेत वस्तूंचा शेवट लागत असे हे खरे, पण तो कोण लावी? मेलेले जनावर ओढण्याचे, झाडण्याचे, घाण वाहण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारलेले होते, आणि त्याबद्दल त्यांना मिळाली ती अस्पृश्यता. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली गुरे ओढण्याचे सोडून द्या असे आपल्या बांधवांना सांगितले, ते याच व्यवस्थेविरुद्धचे बंड होते. हळदीकुंकवाच्या त्या गोड लुटीतही विधवेला जागा नव्हती. वाकळ शिवणाऱ्या बाईच्या श्रमांची मजुरी कोणी मोजली नाही. तेव्हा जुन्याचे कौतुक करताना त्याचा हा हिशेबही वाचला पाहिजे.

हा हिशेब आजही मिटलेला नाही. आपण फेकलेले कोणीतरी वेचतेच. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी आपले काम हे काम आहे, भीक नव्हे, असे शहराला ऐकवले. २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या पुष्कळ वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. कायदा आवश्यक आहे, पण सणाच्या आदल्या संध्याकाळी आपण बाजारात काय उचलतो ते कायदा पाहावयास येत नाही. ते रीतिरिवाजच ठरवितो, आणि रीत घडविणे आपल्या हाती आहे.

म्हणून काही सोप्या आणि मौजेच्या गोष्टी सुचवितो. संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा ५ मैत्रिणींनी मिळून कुंभाराकडे एकत्र मागणी नोंदवावी आणि एक लहानसा आवा पुन्हा लुटावा. त्यात जिला वगळण्याची चाल होती तिलाही आवर्जून बोलवावे. घरातील जुन्या साडीच्या पिशव्या शिवून द्याव्यात. मात्र नवे कापड आणून डझनांनी शिवलेल्या आणि कपाटात पडून राहणाऱ्या पिशव्या हीसुद्धा उधळपट्टीच होय. गणपतीचे मखर बांबूच्या कामट्या, पुठ्ठा आणि कागद यांचे करावे. डिंकाची बाटली आणावयास नको. चिंचोके भाजून, सोलून, कुटून शिजविले की उत्तम खळ होते. सावंतवाडीचे चितारी गंजिफाचे पत्ते करताना हीच खळ वापरीत आले आहेत. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी ही मुलांना देण्याजोगी भेट आहे. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ही कला बुडत असता तिला हात दिला. पण कला अखेर गिऱ्हाइकावर जगते, आश्रयावर नव्हे. रुखवतात डाळी, कडधान्ये, रांगोळी यांची नक्षी मांडावी, कारण समारंभ संपताच ती डाळ स्वयंपाकघरात जाते. आणि नव्या बाळाला, घरातल्या सर्वांच्या एकेका जुन्या कपड्याचा तुकडा घालून शिवलेली गोधडी द्यावी. ती घरी शिवणे जमत नसेल तर शिवून घ्यावी आणि शिवणारीला योग्य मजुरी घासाघीस न करता द्यावी.

तात्पर्य, भेट देण्यापूर्वी ३ प्रश्न विचारावेत. ही कोणी केली? ही किती दिवस कामास येईल? आणि काम संपल्यावर हिचा शेवट कोण, कोठे लावील? पहिल्या प्रश्नात कारागिराची भाकरी आहे, दुसऱ्यात घेणाऱ्याचा उपयोग आहे, तिसऱ्यात आपल्याला न दिसणाऱ्या माणसाचे श्रम आणि अब्रू आहे. पूर्वजांनी टंचाईमुळे जे केले ते आपल्याला सुबत्तेत, समजून उमजून करावयाचे आहे, आणि त्यांनी ज्या ओझ्याखाली काही माणसांना ठेवले ते ओझे उतरवून करावयाचे आहे. हे काम त्यांच्या कामाहून कठीण आहे खरे. परंतु ज्यांच्या घरात अजून एखादी वाकळ शिल्लक आहे त्यांना ते अगदीच अनोळखी वाटू नये.