बासच्या स्पर्धांतील अजिंक्यवीर

नदीकांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य म्हणजे स्वस्थतेची मूर्ति, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच उद्योगांतून मोठ्या चुरशीची स्पर्धा निर्माण झाली. तींत कीर्ति व द्रव्य ही दोन्ही लाभलेले पुरुषही उतारवयांत पहाटेच्या थंडींत होडी घेऊन निघतात. एकदां जिंकलेल्या मनुष्यास पुन्हां पुन्हां जिंकावेंसें कां वाटावें, या प्रश्नाचें उत्तर या स्पर्धांच्या इतिहासांत सांपडण्याजोगें आहे.

बास हा तेथील गोड्या पाण्यांतील शिकारी मासा. लहान मासे व बेडूक हें त्याचें भक्ष्य. बुडालेल्या खोडाआड किंवा पाणवनस्पतींत तो दबा धरून बसतो. त्याच्या शिकारीस मोठ्या व्यावसायिक स्पर्धेचें रूप दिलें तें माँटगोमेरी येथील रे स्कॉट नांवाच्या विम्याच्या विक्रेत्यानें. १९६७ सालीं पावसानें मासेमारीचा बेत मोडला आणि तो जॅक्सन शहरांत हॉटेलच्या खोलींत अडकून पडला. तेथेंच त्यास ही कल्पना सुचली. त्याच वर्षीं जून महिन्यांत आर्कान्सामधील बीव्हर सरोवरावर १०६ स्पर्धक प्रत्येकीं १०० डॉलर भरून जमले. पुढें १९७१ सालीं ‘बासमास्टर क्लासिक’ ही अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. निवडक २४ जणांस विमानांत बसविण्यांत आलें आणि नेवाडामधील मीड सरोवरावर जावयाचें आहे, हें विमान आकाशांत चढल्यावरच त्यांस कळविण्यांत आलें! बॉबी मरे यानें १०,००० डॉलरचें बक्षीस पटकाविलें. दुसऱ्या क्रमांकास कांहींच नव्हतें.

द्रव्यलोभ हेंच या धडपडीचें मूळ, असें यावरून वाटेल. बक्षिसें वाढलीं हेंही खरें. २०११ सालच्या विजेत्यास ५,००,००० डॉलर मिळाले. परंतु केवळ द्रव्यासाठीं खेळणारा मनुष्य द्रव्य हातीं येतांच थांबावयास हवा. तसें घडत नाहीं. शिवाय पकडलेला मासाही विजेत्याचा होत नाहीं. १९७२ सालीं स्कॉटनें मासे जिवंत सोडण्याचा प्रघात पाडला. होडींतील हौदांत मासे जिवंत ठेवावयाचे, वजन करवून ते पुन्हां पाण्यांत सोडावयाचे; मासा दगावल्यास वजनांतून कपात! अर्थात् सायंकाळीं स्पर्धकाच्या हातीं उरतो तो केवळ एक आंकडा.

मग ओढ कशाची? रोलंड मार्टिन याचें उदाहरण पाहावें. १९७१ ते १९८५ या काळांत वर्षांतील सर्वोत्तम स्पर्धकाचा मान त्यानें नऊ वेळां मिळविला. ‘क्लासिक’ मात्र त्यास एकदांही साधली नाहीं. मासा कोठें सांपडला यापेक्षां तो तेथेंच कां होता, याचा त्यानें विचार केला. पाण्याची खोली, उष्णता, गढूळपणा, वारा व आडोसा यांचा मेळ एका जागीं ओळखला, कीं त्याच सरोवरांत तशीच दुसरी जागा शोधतां येते, हें त्याच्या पद्धतीचें सार. परंतु या विद्येंत एक मेख आहे. वसंतांत अंडीं घालण्यास उथळांत आलेला बास उन्हाळ्यांत खोल जातो. एका रात्रीच्या थंड वाऱ्यानेंही सारा मेळ विसकटतो. कालचें उत्तर आज शिळें होतें. विजेत्यासही दुसऱ्या दिवशीं नवशिक्याप्रमाणें पाण्यास प्रश्न विचारावा लागतो.

कॅलामाझूचा केव्हिन व्हॅनडॅम यानें हें मर्म ओळखलें होतें. झपाट्यानें पाणी पालथें घालणें व आवडता बेतही क्षणांत टाकून देणें, हें त्याचें सामर्थ्य. २००१, २००५, २०१० व २०११ अशा चार वेळां तो ‘क्लासिक’चा विजेता ठरला. त्याच्यापूर्वीं हा पराक्रम रिक क्लन या एकट्यानेंच केला होता.

क्लनची कथा या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश टाकते. टेक्सासमधील तेल कंपनीची संगणकावरील सुरक्षित नोकरी सोडून १९७४ च्या सुमारास तो या अनिश्चित धंद्यांत उतरला. १९७६, १९७७, १९८४ व १९९० सालीं त्यानें ‘क्लासिक’ जिंकली. पुढें तरुण पिढी आली, नवीं यंत्रें आलीं, आणि दहा वर्षांहून अधिक काळ विजयानें त्याच्याकडे पाठ फिरविली. गतवैभव आठवीत घरीं बसण्याचा त्यास पूर्ण अधिकार होता. त्यानें तो बजावला नाहीं. २०१६ सालीं फ्लॉरिडांतील सेंट जॉन्स नदीवर वयाच्या ६९ व्या वर्षीं तो पुन्हां विजयी झाला. आपले उत्तम क्षण मागेंच राहिले असें मनुष्यानें कधींही मानूं नये, असा त्याच्या तेव्हांच्या उद्गारांचा आशय होता.

ते उद्गार पोकळ नव्हते. २०१९ सालीं त्याच नदीवर, वयाच्या ७२ व्या वर्षीं, शेवटच्या दिवशीं त्यानें पांच माशांचें ३४ पौंडांहून अधिक वजन कांट्यावर ठेविलें व नातवंडांच्या वयाच्या प्रतिस्पर्ध्यांस मागें टाकलें. प्रतिस्पर्ध्यांस हरविण्याची ईर्ष्या तरुणपणीं पुरते. पन्नास वर्षें पुरते ती जिज्ञासा. पाणी ज्यास अद्याप अनोळखी वाटतें, त्याचा गळ हातांतून सुटत नाहीं.