गाकुवेध

गोव्यातील गावडा, कुणबी, वेळीप आणि धनगर या चार समाजांच्या आद्याक्षरांपासून बनलेले नाव. याच नावाचा महासंघ या समाजांच्या मागण्या मांडत आला आहे. २००३ मध्ये पहिल्या तिघांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला. धनगर बाहेर राहिले. त्या यादीने धर्मामुळे दुभंगलेल्या समाजाला एका नावाखाली आणले, तर राज्यागणिक बदलणाऱ्या याद्यांमुळे सीमेवरच्या एकाच समाजाची सरकारदरबारी दोन वर्गांत नोंद झाली. म्हणून राष्ट्रीय एकात्मतेच्या अभ्यासात हे उदाहरण महत्त्वाचे ठरते.

समाज व वस्ती : गावडा गोव्याच्या आद्य रहिवाशांपैकी मानले जातात. वेळीप मुख्यतः काणकोण, केपे व सांगे तालुक्यांत, तर कुणबी सासष्टी परिसरात आढळतात. ‘मांड’ ही गावातली पवित्र जागा. धालो, जागर ही विधिनाट्ये व नृत्ये तिथेच होतात. धनगर हे डोंगरउतारांवर शेळ्या, गाई-म्हशी पाळणारे. सत्तरी, डिचोली, पेडणे यांसह पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात त्यांचे वाडे आहेत. कुलदैवत बिरादेवाच्या मूर्ती नवरात्रात घरातून काढून मांडावर आणतात आणि त्यांच्यापुढे नाचतात. दसरा हा त्यांचा सर्वांत मोठा सण.

धर्माने पडलेली विभागणी : तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागांत, सोळाव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. त्यात अनेक गावडे व कुणबी ख्रिस्ती झाले. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आल्या. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, त्यामुळे तेथील देवस्थाने व चालीरीती बव्हंशी टिकल्या. १९२८ मध्ये मसुराश्रमाचे विनायक महाराज मसूरकर यांनी केलेल्या शुद्धीकरणाने हजारो ख्रिस्ती गावडे हिंदू धर्मात परतले. त्यांना ‘नवहिंदू गावडा’ म्हणतात. अशा रीतीने हिंदू, ख्रिस्ती आणि नवहिंदू असे एकाच समाजाचे तीन गट झाले आणि सोयरिकी मुख्यतः आपापल्या गटातच होत राहिल्या. विधी मात्र पूर्णपणे तुटले नाहीत. बार्देशातील शिवोलीच्या जागरात आजही हिंदू व ख्रिस्ती दोघे सहभागी होतात.

यादीने साधलेले ऐक्य : अनुसूचित जातींचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने धर्माशी जोडला. जमातींच्या दर्जाला अशी अट नाही. त्यामुळे २००३ च्या अधिसूचनेनंतर हिंदू गावडा आणि ख्रिस्ती गावडा एकाच नोंदीत आले. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे केवळ ५६६ लोक नोंदले गेले होते. २०११ मध्ये ही संख्या १,४९,२७५ म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे १०.२ टक्के झाली. माणसे तीच होती, नोंद बदलली होती. दर्जा मिळूनही हक्क अमलात येत नाहीत, या तक्रारीवरून २५ मे २०११ रोजी केपे तालुक्यातील बाळ्ळी येथे ‘उटा’ या आदिवासी संघटनांच्या आघाडीने आंदोलन केले. त्याला हिंसक वळण लागून दोन आंदोलकांचा मृत्यू झाला.

सीमेने पडलेली विभागणी : इब्रामपूर हे पेडणे तालुक्याच्या पूर्व भागातले, महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव. त्याच्या शेजारी महाराष्ट्रातल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा दोडामार्ग तालुका लागतो. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता, म्हणजे तोवर हा सारा मुलूख एकाच सत्तेखाली होता. त्यानंतर गोवामुक्तीपर्यंत, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, येथे दोन सत्तांची सीमा राहिली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात पेडणे व डिचोलीने महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने मत दिले. एकूण कौल मात्र १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा विलीनीकरणाविरुद्ध गेला आणि सीमा कायम राहिली.

या सीमापट्ट्यात दोन्ही बाजूंना धनगरवाड्या आहेत. महाराष्ट्रात धनगर ‘भटक्या जमाती (क)’ या वर्गात, तर गोव्यात इतर मागासवर्गात मोडतात. संविधानाच्या अनुच्छेद ३४२ नुसार जमातींची यादी राज्यनिहाय ठरते आणि एकदा जाहीर झालेल्या यादीत फक्त संसदच बदल करू शकते. गोवा सरकारने धनगरांच्या समावेशाची शिफारस केली, पण भारताच्या महानिबंधक कार्यालयाने आक्षेप घेतले. यादीबाहेर राहण्याचा परिणाम जमिनीच्या हक्कावर होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. धनगरांसारख्या इतर पारंपरिक वननिवाशांना त्याआधीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. गुरांमागे डोंगर बदलत राहिलेल्या कुटुंबांकडे असे कागद सहसा नसतात. पेडण्यातील मोपा पठारावरील धनगर कुटुंबांना विमानतळासाठी आपली जागा सोडावी लागली.

प्रतिनिधित्व : चाळीस सदस्यांच्या गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी एकही राखीव जागा नव्हती. एकमेव राखीव मतदारसंघ पेडणे, तोही अनुसूचित जातींसाठी. जमातींसाठी जागा राखण्याकरिता संसदेने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला. त्यासाठी धरायची लोकसंख्या यादीतल्या जमातींचीच. धनगरांची मोजणी त्यात होत नाही.