किरायाने देणे आहे

आमच्या वर्ध्यात काहीच 'भाड्याने' मिळत नाही. सायकल, मांडव, लग्नाची भांडी आणि घर, सगळं किरायाने. इंजिनिअरिंग संपवून पुण्यात आलो, वाकडला पहिली रूम बघताना "किराया किती?" असं विचारलं, तर ब्रोकर पुढचं सगळं माझ्याशी हिंदीत बोलला. अस्सल मराठी माणूस असून! (तो आणि मी, दोघंही.) असो.

आज लिहायचंय ते या किरायावरच. मे महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा एक प्रसंग घडला, तो काही डोक्यातून जात नाहीये. पण तो शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण सवय वाईट.

बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला गंमत वाटते, पण वर्धा शहर वर्धा नदीवर नाही. नदी तिकडे पश्चिमेला, पुलगावजवळ. शहराला जवळची नदी म्हणजे पवनारची धाम. झालं असं, की १८६२ साली इंग्रजांनी नागपूर जिल्ह्यातून एक तुकडा वेगळा काढला आणि त्याला नदीचं नाव दिलं. जिल्ह्याचं पहिलं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. ते चार वर्षांत हलवलं आणि १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर रुंद, सरळ रस्ते आखून नवं गाव वसवलं. तेच आमचं वर्धा.

एवढी घाई कशाला? कापूस आणि रेल्वे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, त्यामुळे वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती वर्ध्यावरूनच. म्हणजे आधी गाव आणि मग कचेरी असं इथे झालं नाही. कचेरी आणि स्टेशन आधी ठरलं, माणसं नंतर आली.

कोण आली? कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेवाले, जिनिंगमधले मजूर, राजस्थानातून आलेले कापसाचे आणि सावकारीचे व्यापारी. यातली निम्मी माणसं बदलीची. बदलीचा माणूस घर बांधत नाही, किरायाने राहतो. आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो घर बांधून मागे चार खोल्या काढतो. पालकवाडीचे मूळ लोक सोडले, तर वर्ध्यात 'आम्ही इथले मूळचे' असं म्हणायला १८६६ मध्ये कोणी नव्हतंच. पुणेकरांनो, हे वाक्य परत वाचा :)

आता गांधीजी. वर्ध्याच्या माणसाने लिहायचं आणि गांधीजी यायचे नाहीत, असं होत नाही. १९३० साली दांडीला निघताना त्यांनी सांगितलं होतं, की स्वराज्य मिळेपर्यंत साबरमती आश्रमात परतणार नाही. म्हणजे राहायचा पत्ता गेला! १९३३ मध्ये ते वर्ध्याला आले ते जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने. हे जमनालालजी तरी कुठले? जन्म १८८९ साली सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात, आणि वर्ध्याच्या सेठ बच्छराज यांच्या घरात दत्तक आलेले. म्हणजे घरमालकही बाहेरचा आणि पाहुणाही बाहेरचा.

जमनालालजींनी आपली संत्र्याची बाग आणि घर देऊन टाकलं, ते मगनवाडी. ग्रामोद्योग संघ तिथे सुरू झाला. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. तिथल्या मालगुजारीतला मोठा हिस्सा पुन्हा जमनालालजींचाच. घर बांधायची अट अशी, की खर्च शंभर रुपयांच्या आत आणि सामान जवळपासचंच. पुढे त्या दुसऱ्या, गजानन महाराजांच्या शेगावमुळे टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून १९४० साली याचं नाव सेवाग्राम झालं. थोडं ताणून बोलायचं तर गांधीजी हे आमच्या जिल्ह्यातले सगळ्यात प्रसिद्ध, आणि किराया न देणारे, किरायेदार.

आणि शेजारीपाजारी बघा. मीराबेन इंग्लंडच्या. नई तालीमचं काम बघणारे आर्यनायकम सिलोनचे, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. मगनवाडीत कुमारप्पा, तमिळ ख्रिश्चन. १९३४ साली खान अब्दुल गफार खान यांना तुरुंगातून सोडलं, पण सरहद्द प्रांत आणि पंजाबात पाऊल ठेवायला बंदी केली. तो सहा फुटी पठाण वर्ध्यात राहायला आला आणि त्याच डिसेंबरात त्यांना इथूनच पुन्हा अटक झाली. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, पण कुष्ठरोगी. त्या काळी अशा माणसाला गावात कोणी उभं करत नसे. गांधीजींनी स्वतःच्या कुटीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांची मालिश केली.

घर म्हणजे चार भिंती वगैरे ठीक आहे हो. पण घर द्यायचं कोणाला, हा प्रश्न वर्ध्यात त्या काळीच चव्हाट्यावर आला होता. देवळाचं दार तर त्याच्याही आधी उघडलं होतं. १९२८ साली जमनालालजींनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. विनोबा १९३२ च्या सुमारास शहर सोडून नालवाडीच्या दलित वस्तीत राहायला गेले. आज नालवाडीत फ्लॅट स्कीमच्या जाहिराती लागतात, त्या बघताना मला हे नेहमी आठवतं.

*

आता थोडा कायदा. (पळू नका, छोटासा आहे.)

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळीकडे घरांची टंचाई होती. आपण तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. तिथे १९४६ चा जागा किरायाने देण्याच्या नियमनाचा कायदा आला आणि त्याखाली १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश निघाला. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की घरमालकाला किरायेदाराला घर सोडायची नोटीस द्यायची असेल तर आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी हवी. कारणं ठरलेली: तीन महिन्यांचा किराया थकला, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, घराची नासधूस केली, मालकाला स्वतःला राहायला जागा हवी, वगैरे. परवानगी मिळाली की मग नोटीस, आणि तरी नाही निघाला तर दिवाणी दावा. एवढंच नाही, तर घर रिकामं झालं की सरकारला कळवायचं, आणि ते सरकारी नोकराला किंवा फाळणीमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबाला द्या असा हुकूम येऊ शकत असे.

मुंबईत १९४७ चा वेगळा कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा वेगळा. वर्धा १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं, पण किराया मात्र जुन्याच कोडवर चालू राहिला. तीन सिस्टिम, मर्ज कोणी केल्या नाहीत. ते काम व्हायला चाळीस वर्षं लागली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे एकदम गेले. (आमच्या ऑफिसमध्ये मायग्रेशन सहा महिने लांबलं तरी क्लायंट ओरडतो.)

या नव्या कायद्याचं ५५ वं कलम प्रत्येक किरायेदाराने वाचावं असं आहे. करार लेखी हवा, नोंदणी हवी, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. केली नाही आणि पुढे भांडण झालं, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायेदार म्हणेल ते खरं. आणि तरी लोक '११ महिन्यांचा करार' का करतात? कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. ते चुकवायला ११ महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ५५ व्या कलमाने ती पळवाट बुजवली, पण सवय गेली नाही.

आम्ही वर्ध्यात आलो २००२ मध्ये. बाबांची आर्वीहून बदली झाली. नवा कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली होती, पण आमचा पहिला करार म्हणजे वहीचं एक पान आणि घरमालकांचं "भाऊ, आपल्यात काय कागद?" त्यानंतर सतरा वर्षांत आम्ही पाच घरं बदलली. उन्हाळ्यात कूलरला पाणी किती घालायचं यावरून वाद, सब-मीटरच्या रीडिंगवरून वाद. पाहुणे आले की मालकीणबाई गॅलरीत. शहरात चक्क बॅचलर रोड नावाचा रस्ता आहे (नाव एका इंग्रज साहेबाचं, असं सांगतात), पण बॅचलरला खोली द्यायला कोणी तयार नाही.

आणि एक प्रश्न ठरलेला. बाबा नाव सांगायचे, समोरचा म्हणायचा, "पूर्ण नाव सांगा ना." आडनाव ऐकलं की चेहरा किंचित बदलायचा. "विचार करून कळवतो." दुसऱ्या दिवशी निरोप, खोली कालच गेली. 'किरायाने देणे आहे' ही पाटी मात्र महिनाभर तिथेच. मी सायकलवरून शाळेत जाताना ती रोज वाचायचो.

इथे कायदा गप्प आहे. किराया किती वाढवायचा, कधी काढायचं, सगळं लिहिलंय. कोणाला नाकारायचं यावर घरभाडे कायद्यात काही नाही. घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे, किरायाच्या खोलीचा नाही. आणि ती घटना लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण होते? कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना अख्ख्या शहरात खोली मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, आणि ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले.

*

२०१९ मध्ये आम्ही पिपरीला घर बांधलं. वर दोन खोल्या काढल्या, अर्थात किरायाने द्यायला. वर्ध्यात गिऱ्हाइकाला तोटा नाही. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, सावंगीचं मेडिकल कॉलेज, इंजिनिअरिंग कॉलेज, टेकडीवरचं हिंदी विद्यापीठ. बिहारपासून केरळपर्यंतची मुलं खोल्या शोधत फिरत असतात. नगरपालिकेच्या हद्दीबाहेरची पिपरी, सिंदी, बोरगाव ही गावं याच मुलांच्या किरायावर वाढली म्हणा ना.

यंदा मे महिन्यात मी घरी होतो. दुपारचे दोन, ऊन पंचेचाळीस. एक मुलगा आला, माझ्याच वयाचा, हॉस्पिटलमध्ये नोकरीला. खोली बघितली, आवडली. बाबांनी नाव विचारलं. त्याने सांगितलं. आणि बाबा म्हणाले,

"पूर्ण नाव सांगा ना."

मी लॅपटॉपमधून मान वर केली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलाने आडनाव सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "विचार करून कळवतो."

तो हसला. हेल्मेट उचललं आणि म्हणाला, "काका, मग पाटी काढून ठेवा. बाकीच्यांना एवढ्या उन्हात फेऱ्या नकोत."

मी काहीच बोललो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. आई बोलली, पण तो गेल्यावर. "आपण पाच घरं हिंडलो ते विसरले का तुम्ही?" एवढंच. त्या रात्री बाबा जेवले नाहीत नीट. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्याला फोन लावला. त्याला तोवर नालवाडीत खोली मिळाली होती. "काही हरकत नाही काका," म्हणाला म्हणे.

जूनमध्ये वरच्या खोल्या दोन मुलींना दिल्या. बाबांनी किती जणी राहणार आणि गाडी कुठे लावणार, एवढंच विचारलं. करार मी पुण्यात बसून ऑनलाइन भरला, रीतसर नोंदणी करून. नाव, वय, आधार, पॅन, पत्ता, किराया, डिपॉझिट. फॉर्म भरताना मी मुद्दाम सगळी पानं खालीवर करून बघितली. बाबांना जे विचारायचं होतं, त्याचा रकाना त्यात कुठेच नव्हता.