आठ डॉलर

डोंबिवलीत कुठल्याही सोसायटीत जा, एका जिन्यामागे एक तरी मुलगा नाहीतर मुलगी 'बाहेर' असतेच. पूर्वी तिकडून पैसे इकडे यायचे. आता इकडूनही तिकडे जातात, कारण एमएसला गेलेल्या पोराला सुरुवातीला तरी घरूनच खर्चाला पाठवावं लागतं. बँकेच्या साईटवर फॉर्म भरायचा, पॅन नंबर टाकायचा, दोन-तीन दिवसांत त्याच्या खात्यात डॉलर. हे इतकं सरळ झालंय की एके काळी यासाठी तुरुंगात जायची वेळ येऊ शकत होती, हे आपल्या पिढीला सांगूनही पटत नाही. म्हणून हा शनिवारचा उद्योग.

सुरुवात कल्याणपासूनच करू. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ सालचा, कल्याणचा. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागली नाही, कारण रिझर्व्ह बँकच नव्हती. ती आली १९३५ मध्ये. पैसे बाहेर न्यायला कुणाची ना नव्हती. अडचण एवढीच, की पैसे नव्हते. दागिने विकले, श्रीरामपूरच्या भाषणानंतर थोडी वर्गणी जमली. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. आपल्याकडे मनीऑर्डर सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

आता दराची गंमत बघा. आपला रुपया चांदीचा, डॉलर आणि पौंड सोन्याचे. १८७३ च्या सुमारास जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले आणि चांदी घसरायला लागली. आनंदीबाई निघाल्या त्या वर्षी रुपयाला साधारण साडेएकोणीस पेन्स मिळत होते, म्हणजे डॉलरला अडीच रुपयांच्या आसपास. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या तेव्हा हाच भाव सव्वाअठरा पेन्सवर आला होता. पुढे १८९२-९३ मध्ये तर पंधराच्याही खाली. (अडीच रुपयांचा डॉलर वाचून उसासे टाकू नका, पगारही त्याच मापाचे होते.) थोडक्यात, घरून तेवढेच रुपये पाठवले तरी फिलाडेल्फियात हातात कमी पडणार. परवानगीचा जाच नव्हता, दराचा होता.

हाच जाच पुढे एका मराठी विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय केला. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. मुदत संपल्यावर १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. १९२० मध्ये पुन्हा गेले ते साठवलेले आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे घेऊन. आणि काळ कुठला? १९२० च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्या वर गेला होता, तो १९२१ मध्ये एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली आला. रुपयांत साठवून पौंडांत खर्च करणाऱ्याला हे किती महागात पडलं असेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्यांचं पुस्तक १९२३ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. आपल्याकडे ते अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक म्हणून कपाटात राहतं, पण त्यातला प्रश्न घरून आलेल्या पैशांवर परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

परवानगीचं प्रकरण सुरू झालं १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाबरोबर. युद्धापुरते म्हणून आलेले निर्बंध युद्ध संपल्यावर गेले नाहीत. १९४७ मध्ये त्यांचा कायदाच झाला. पुढे १९५७ च्या सुमारास गंगाजळी आटली आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे एक अर्ज लागायला लागला. साठ-सत्तरच्या दशकात गेलेल्या कुठल्याही काकांना विचारा, एकच आकडा ऐकायला मिळेल: आठ डॉलर. इंग्लंडला गेलेले तीन पौंड म्हणतील. १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांचा होता, म्हणजे खिशात साठ रुपये घेऊन माणूस विमानात बसायचा. वडील घर विकून पैसे द्यायला तयार असले तरी उपयोग नाही. प्रश्न ऐपतीचा नव्हताच. १९७३ च्या फेरा कायद्याने हे आणखी आवळलं. दारं बंद झाली की खिडक्या उघडतात, तसा हवाला फोफावला.

आणि याच काळात उलट दिशेला काय चाललं होतं? परदेशातल्या भारतीयांसाठी १९७० मध्ये एनआरई खाती आली, १९७५ मध्ये एफसीएनआर ठेवी. या ठेवी परकीय चलनातच. रुपया घसरला तर तोटा ठेवीदाराचा नाही, बँकेचाही नाही, चक्क रिझर्व्ह बँकेचा. येणाऱ्या डॉलरला पायघड्या, जाणाऱ्याला चौकशी. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वात बोलका भाग वाटतो.

पण ज्याला पायघड्या घातल्या तो पाहुणा वेळेला थांबला नाही. १९९०-९१ च्या संकटात अनिवासी ठेवी निघून जायला लागल्या. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोनं मुंबईहून बाहेर पाठवून गहाण ठेवलं, सुमारे ४० कोटी डॉलरसाठी. त्यानंतर मात्र गाठी भराभर सुटल्या. मार्च १९९३ मध्ये दर बाजारावर सोडला, ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला, १ जून २००० पासून फेरा जाऊन फेमा आला. फौजदारी गुन्ह्याच्या जागी दंड.

नेमक्या याच वर्षांत ठाणे-डोंबिवलीची पोरं वायटूकेच्या लाटेवर ऑनसाईट गेली. तिकडून ड्राफ्ट पोस्टाने यायचा, तो बँकेत भरायचा, मग वसुलीला जायचा आणि आई दर आठवड्याला पासबुक भरून आणायची. २००१ पासून पोस्टातही वेस्टर्न युनियनचे पैसे मिळायला लागले. गोपाळरावांना मौज वाटली असती! रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के निघाला, केरळच्याही वर.

बाहेर पाठवायची मोकळीक आली फेब्रुवारी २००४ मध्ये: माणशी वर्षाला २५ हजार डॉलर. २००७ संपेपर्यंत ती दोन लाखांवर गेली. सगळं कसं छान. मग ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया कोसळायला लागला आणि मर्यादा दोन लाखांवरून एका फटक्यात ७५ हजार झाली. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने अनिवासी ठेवी आणणाऱ्या बँकांना सवलतीच्या दरात विनिमयाचं संरक्षण देऊ केलं. १९७५ चीच चाल, नवं नाव. धोका टळल्यावर २०१५ मध्ये मर्यादा अडीच लाख डॉलर झाली.

नंतरची चौकशी कराच्या रूपाने आली. ऑक्टोबर २०२० पासून बाहेर पाठवायच्या पैशांवर टीसीएस सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ पासून शिक्षण आणि औषधोपचार सोडून बाकी बहुतेक कारणांसाठी, सात लाखांच्या वरच्या रकमेवर, तो २० टक्के झाला. एप्रिल २०२५ मध्ये ही सीमा दहा लाखांवर नेली. पंधरा लाख पाठवले तर वरच्या पाच लाखांवर एक लाख अडकले. रिटर्न भरताना ते वळते होतात, पण तोवर पैसे सरकारकडे.

पोराच्या खोलीचं भाडं आणि किराणासुद्धा शिक्षणाच्या खर्चात धरता येतो, पण फॉर्मवर तसं लिहिलं तरच. 'नातेवाइकांचा निर्वाह' असा पर्पज कोड निवडलात की तेच पैसे वरच्या टक्केवारीत जातात. ड्रॉपडाऊनमध्ये दोन्ही ओळी जवळपास सारख्याच दिसतात.