मावसभाऊ, मेहुणा आणि ऑडिट कमिटी

सिंगापूरच्या कंपनी कायद्यातलं 201-बी हे कलम वाचताना मी एका ओळीवर अडकलो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने किमान 3 संचालकांची ऑडिट कमिटी नेमावी आणि त्यांतले बहुसंख्य कारभार पाहणारे संचालक नसावेत, इथवर सारं अपेक्षित होतं. पुढे मात्र कायदा गणगोतात शिरतो. कारभारी संचालकाचा नवरा किंवा बायको, आईबाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, दत्तक मूलसुद्धा त्या बहुमतात चालत नाही. अशी यादी मला आधीच ठाऊक होती, आणि ती दगडावर कोरलेली होती.

तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर आहे. तिथल्या वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या 12व्या आणि 14व्या राज्यवर्षातले लेख आहेत, म्हणजे साधारण इ. स. 919 आणि 921चे. गावाच्या समित्यांसाठी नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून लहान मुलाकडून काढायच्या, एवढं बहुतेकांना माहीत असतं. मला मोलाची वाटते ती अपात्रांची यादी. समितीवर बसून हिशेब न दिलेला माणूस पुन्हा बसू शकत नाही, आणि त्याचे नातलगही नाहीत: मावसभाऊ, आतेभाऊ, मामा, काका, मेहुणा, बहिणीचा नवरा, भाचा, जावई, बाप, मुलगा. सिंगापूरचा कायदा अगदी जवळच्या नात्यांवर थांबतो, तर उत्तरमेरूरचा मावशीच्या घरापर्यंत जातो. गावातला पैसा कोणत्या वाटांनी झिरपतो हे तिथल्या सभेला चांगलं कळत होतं.

उत्तरमेरूरची आणखी दोन कलमं पाहा. गेल्या 3 वर्षांत समितीवर असलेल्याचं नाव मडक्यात जात नाही. सिंगापूर शेअर बाजाराच्या नियमांतही गेल्या 3 आर्थिक वर्षांत कंपनीच्या नोकरीत असलेला संचालक स्वतंत्र मानला जात नाही. दुसरं कलम हिशेबनिसाचं. ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो मोठ्या समितीपुढे मांडायचा. दुसऱ्या हिशेबनिसाने येऊन खातं मिटवायचं नाही, आणि हिशेब स्वच्छ ठरल्याखेरीज लिहिणाऱ्याला पुन्हा नेमणूक नाही.

लेखापरीक्षणाच्या पुस्तकांत ही कुळी सापडत नाही. तिथे मूळपुरुष म्हणून इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं नाव येतं, कारण तिच्या ऑडिट कमिटीचा 1872चा अहवाल उपलब्ध आहे. ब्रिटनच्या 1845च्या कायद्यात तपासनिसाकडे कंपनीचा निदान एक शेअर हवा, पण कंपनीत पद नको, अशी अट होती. अमेरिकन मत मॅकेसन अँड रॉबिन्स प्रकरणाकडे बोट दाखवतं. 1938च्या अखेरीस तिथला औषधांचा खोटा साठा उघडकीला आला, आणि बाहेरच्या संचालकांच्या समितीने ऑडिटर सुचवावा अशी शिफारस न्यूयॉर्कमध्ये झाली. पॅन-इलेक्ट्रिक ही कंपनी कोसळल्यावर डिसेंबर 1985मध्ये सिंगापूरचा शेअर बाजार 3 दिवस बंद राहिला, आणि 1989मध्ये तिथे ऑडिट कमिटी सक्तीची झाली.

मराठी वाचकाला पेशवाईतले दरखदार आठवतील. मुजुमदार, फडणीस, चिटणीस वगैरे वतनदार मामलेदाराच्या हाताखाली वावरत, पण त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. कागदावर त्यांची खूण लागे. मूळपुरुष म्हणून त्यांचा दावा मला रेल्वेपेक्षा भक्कम वाटतो. पण दरख, म्हणजे त्यांचं पद, वंशपरंपरेने चाले, म्हणजे 3 वर्षांचा खंड तिथे अशक्यच. शिवाय पेशव्यांचे वतनदार सिंगापूरच्या सेरंगून रोडला आले नाहीत. तमिळ माणसं आली.

त्यांत नाट्टुकोट्टै चेट्टियार होते. हे सावकार आपला मुनीम परदेशी पेढीवर 3 वर्षांच्या मुदतीने पाठवत. मुदत संपली की तो हिशेब घेऊन गावी परते आणि त्याच्या जागी नवा येई. सिंगापुरात टँक रोडवरचं दंडायुधपाणी मंदिर त्यांनीच 1859मध्ये बांधलं. उत्तरमेरूरच्या 3 वर्षांचा पुढचा दुवा इथे आहे असं मी मानतो. मधल्या शतकांचे कागद हाती नसले, तरी मुदत आणि हिशेब जोडण्याची ही सवय एकाच मातीतली आहे.

आता सिंगापुरातल्या मंदिरांच्या हिशेबाकडे येऊ. लिटिल इंडियात, सेरंगून रोडवर 1855पासून उभं असलेलं श्रीनिवास पेरुमाळ मंदिर हिंदू एंडाउमेंट्स बोर्डाकडे आहे. हे बोर्ड 1968च्या कायद्याने आलं. त्याआधी 1905च्या कायद्याने मुसलमान आणि हिंदू धर्मादायांसाठी एकच मंडळ केलं होतं. साउथ ब्रिज रोडचं मारिअम्मन मंदिरही याच बोर्डाचं. तिथल्या मुख्य पुजाऱ्याने 2016 ते 2020 या काळात देवीचे दागिने गहाण टाकले. दुसरे दागिने गहाण ठेवून आधीचे सोडवायचे, आणि तपासणी जवळ आली की दागिने परत आणून मोजणीला हजर करायचे, असा त्याचा शिरस्ता होता. 2020मध्ये साथीमुळे वेळापत्रक विस्कटलं, आणि नंतर मोजणी झाली तेव्हा गोष्ट बाहेर पडली. 2023मध्ये त्याला 6 वर्षांची शिक्षा झाली.

उत्तरमेरूरच्या लेखात सोन्यासाठी 6 जणांची वेगळी समिती आहे. सोन्यावरची देखरेख इतर कामांत मिसळू नये, हे तेव्हाच ठरलं होतं. मारिअम्मन मंदिरात मोजणी होत होती, पण केव्हा होणार हे दागिने सांभाळणाऱ्याला आधी ठाऊक होतं. 201-बी कलमात ऑडिटरने मागणी केली तर समितीच्या अध्यक्षाला बैठक बोलवावीच लागते, म्हणजे वेळ ठरवण्याची एक किल्ली तपासणाऱ्याच्या हातात येते. हे कलम मंदिरांना लागू नाही. पण त्यातली तेवढी एक गोष्ट प्रत्येक देवस्थानाच्या समितीने उचलावी: दागिने मोजण्याचा दिवस ऑडिटरने ठरवावा, आणि तिजोरी सांभाळणाऱ्याला तो त्याच सकाळी कळावा.