पुदिन्यावरील वनस्पतिजन्य फवारणी

पुदिन्याच्या बाष्पनशील तेलाचे उत्पादन व प्रत सुधारण्यासाठी पानांवर फवारले जाणारे नैसर्गिक अर्क. समुद्रशैवालाचा अर्क व शेवग्याच्या पाल्याचा रस हे त्यांतील परिचित प्रकार. दोन्हींत पेशीविभाजनाला चालना देणारी सायटोकायनिने असतात. वनस्पतींच्या मेणातील ट्रायकॉन्टॅनॉलही वापरतात. लसूणघासातील या द्रव्याचा वाढीवरील परिणाम १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेल पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत साठते. पान कोवळे असताना त्यात मेंथोन अधिक असते. पान जून होताना त्याचे मेंथॉल बनते. पेपरमिंटवर ताण पडल्यास मेंथोफ्युरान व प्युलेगोन वाढून तेलाची प्रत उतरते. म्हणून जास्त तेल म्हणजे चांगले तेल, असे नव्हे. फवारणीचा लाभ बहुधा पाला वाढल्यामुळे दिसतो. जाहिराती मात्र त्याचे सारे श्रेय मेंथॉलवाढीला देतात. खरा निवाडा वायू-वर्णलेखनानेच होतो. अर्क फार तीव्र असल्यास पाने करपतात.

भारतात मेंथॉलसाठी मुख्यतः जपानी पुदिना लावतात. उत्तर प्रदेशातील बाराबंकी हा त्याचा प्रमुख जिल्हा असून ‘कोसी’ हा वाण लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचा आहे. कापणीची वेळ चुकली, तर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही.